देवघर माझ्या वाटणीला आलं

सासूबाईंचे दिवस झाले. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले, मांडववाला खुर्च्या मोजून घेऊन गेला आणि घरात घरचीच माणसं उरली. साड्या, भांडी, चार दागिने यांची वाटणी आमच्याकडे शांतपणे झाली. अडलं ते देवघरापाशी.

जोतिबा, खंडोबा आणि तुळजाभवानीचे चांदीचे टाक, एक रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि घासून घासून नाक-डोळे पुसट झालेला पितळी गणपती. एवढा संसार. पण घ्यायचा कुणी? धाकटे दीर-जाऊ पुण्याला, दोघंही सकाळी सातला घर सोडतात. थोरल्या जाऊबाईंचे गुडघे गेलेत. "रोजची पूजा मला आता झेपायची नाही गं," त्या म्हणाल्या, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगलीच्या घरात कायम राहणारी मीच. आणि त्या घरात देवापुढे मनापासून हात न जोडणारीही मी एकटीच! ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. अहो आईंनाही माहीत होती. वीस वर्षांत त्यांनी एकदाही त्यावरून मला टोचून बोललेलं आठवत नाही. "तू नैवेद्याचं ताट कर, दाखवायचं मी बघते," असा आमचा करार होता.

या देवांशी माझं एक नातं आहे, ते मात्र सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागात आमच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. बोट दाराशी आली तरी अहो आई निघेनात. माझा जीव वर-खाली होत होता; बोटीतली मुलं ओरडत होती, "आजी, चला!" शेवटी मीच पुढे झाले, सगळे देव उपरण्यात बांधले आणि गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. तेव्हा कुठे त्या उठल्या. औषधांची पिशवी मात्र घरातच राहिली. बोटीत बसल्यावर हे लक्षात आलं आणि मी इतकी चिडले की विचारू नका. ब्लड प्रेशरच्या गोळ्यांपेक्षा पितळेचा गणपती मोठा?

मंगल कार्यालयातल्या निवाऱ्यात आम्ही आठ दिवस होतो. पहिल्या रात्री लहान मुलं रडत होती, म्हाताऱ्या माणसांना जमिनीवर झोपता येत नव्हतं, कुणाची जनावरं मागे राहिली होती. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाल्याची बातमी आली तेव्हा तर कुणी कुणाशी बोलेना. त्या रात्री अहो आईंनी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर ते देव मांडले, एक पणती लावली आणि बसल्या जागी भजन सुरू केलं. टाळ नव्हते, तर कुणीतरी स्टीलच्या ताटल्या घेतल्या. अर्ध्या तासात चाळीस-पन्नास बायका भोवती बसल्या होत्या. पाणी तसूभरही उतरलं नाही. पण त्या रात्री लोक झोपले. दुसऱ्या दिवशी पाण्याचे कॅन घेऊन जी मुलं आली, ती मिरजेच्या एका मशिदीतून आलेली होती. ऐन पुरात बकरी ईद होती, तरी ती आली. गोळ्याही त्यांनीच कुठून तरी मिळवून आणल्या.

आता माहेराबद्दल. माझं माहेर साताऱ्याचं. वडील शाळामास्तर. आमच्या घरात देवघर नव्हतं. त्या कोनाड्यात आगरकरांचे निबंध आणि 'साधना'चे अंक असत. नंतर तिथं डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 'भ्रम आणि निरास', 'तिमिरातुनी तेजाकडे' ही पुस्तकं आली. डॉक्टर साताऱ्याचेच. त्यांची भाषणं ऐकत आम्ही मोठे झालो. आगरकरही एका अर्थी गाववालेच. कऱ्हाडजवळच्या टेंभूत १८५६ साली त्यांचा जन्म झाला. (टेंभू म्हटलं की आमच्या आटपाडी-खानापूरकडच्या बायकांना आगरकर नव्हे, शेताला आलेलं योजनेचं पाणी आठवतं. बरोबरच आहे. आगरकरांनाही ते आवडलं असतं.)

आगरकरांना कुणी नास्तिक म्हणतं, पण त्यांच्यासाठी जास्त योग्य शब्द 'अज्ञेयवादी' असा आहे. हा शब्द हक्सले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये घडवला. अर्थ साधा आहे. देव आहे असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, नाही असं ठासून सांगायलाही नाही. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना ठाऊक असल्याचं मी दाखवणार नाही. मीही यातलीच. मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना वाटतं, ही कुंपणावर बसलीय. तसं नाही हो. स्वयंपाकात मीठ पडलंय की नाही हे ठाऊक नसेल तर आपण 'ठाऊक नाही' म्हणतो आणि चव घेऊन बघतो. इथं चव घेऊन बघायची सोय नाही, एवढंच.

माझी ही ठाम वाटणारी भूमिका ढवळून निघाली ती दोन मृत्यूंमुळे.

पहिला माझ्या वडिलांचा. एप्रिल २०२१, करोनाची दुसरी लाट. त्यांनी आयुष्यभर एकच सांगितलं होतं, "माझ्यामागे काही करायचं नाही. दहावा नको, तेरावा नको, देहदान करा आणि मोकळे व्हा." फॉर्मसुद्धा भरलेला. पण करोनाने गेलेल्या माणसाचं देहदान होत नव्हतं. संगम माहुलीला त्यांना नेलं. किट घातलेली माणसं आणि लांब उभा असलेला माझा भाऊ, बास. आई घरात पॉझिटिव्ह, मी सांगलीत एका खोलीत पॉझिटिव्ह. मी मोबाईलवर पाहिलं. धूर दिसला आणि नेटवर्क गेलं.

वडिलांना हवं होतं तसंच झालं म्हणायचं! मंत्र नाहीत, पिंड नाही, कावळा नाही. पण त्यांना माणसं नको होती असं थोडंच होतं? त्यांच्या मनात होतं की पाच-पन्नास विद्यार्थी जमतील, कुणी दोन शब्द बोलेल, चहा होईल. नियमामुळे ते झालं नाही. आणि पुढे नियम उठले तेव्हाही झालं नाही, कारण ते कधी करायचं, कुठे, कुणी बोलवायचं, हे ठरलेलं नव्हतं. शेजारच्या घरात त्याच महिन्यात आजोबा गेले होते. त्यांच्याकडे वर्षश्राद्धाला दीडशे माणूस आलं, राहिलेलं रडून घेतलं. आमच्या आईच्या पदराला मात्र कुणाचे अश्रू लागले नाहीत. ती मला फोनवर म्हणाली, "अगं, कुणी आलंच नाही. मी अजून वाट बघतेय." ज्या बाईनं चाळीस वर्षं विनादेवघराचा संसार तक्रार न करता केला, तिचं हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

आगरकर ३८ व्या वर्षी गेले, १७ जून १८९५ ला. त्याआधी सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. आपल्या अंत्यविधीचे पैसे ते उशाशी पुडीत बांधून ठेवून गेले, हे वडील आम्हाला अभिमानाने सांगायचे. लहानपणी मला त्यात फक्त बाणेदारपणा दिसायचा. आता त्या पुडीकडे बघताना यशोदाबाई दिसतात. पदरी मुलं, आणि समाजाने आधीच पाठ फिरवलेली.

दुसरा मृत्यू अहो आईंचा, २०२३ च्या दिवाळीनंतरचा. त्या गेल्या आणि एक यंत्र आपोआप सुरू झालं. पहिल्या तासात शेजारच्या वहिनी चहाचं पातेलं घेऊन आल्या. सांत्वनाला कधी जायचं, काय न्यायचं, काय बोलायचं, हे सगळ्यांना पाठ होतं. आमच्याकडे चूल पेटवायची नव्हती, म्हणून भावकीतून पिठलं-भाकरी येत राहिली. रोज संध्याकाळी भजनी मंडळाच्या बायका येऊन बसायच्या. माझे 'हे' चारचौघांत कधी न रडणारे, दहाव्याला घाटावर कावळा शिवेना तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "आई, तुझी तुळस मी वाळू देणार नाही." आणि हमसून रडले. कावळा येतो तो भाताला येतो, हे मला माहीत आहे. पण आईला उद्देशून चार माणसांत असं वाक्य बोलायची जागा त्यांना दुसरीकडे कुठे मिळाली असती?

मी तेरा दिवस हे सगळं बघत होते आणि सारखी वडिलांची आठवण येत होती. धर्माने मरणाचं कोडं सोडवलं असं मला वाटलं नाही. पण मरणानंतरच्या तेरा दिवसांचं वेळापत्रक त्याने पक्कं बसवलंय. दुःखात बुडालेल्या माणसाला 'आता पुढे काय?' हा विचार करावा लागत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मग माझ्या स्वभावाप्रमाणे मी वाचायला लागले. एमिल दुर्खीम नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होऊन गेला. ज्यू धर्मगुरूच्या घरात जन्मलेला, स्वतः श्रद्धाळू नव्हता. १९१२ मधल्या ग्रंथात त्याने मांडलं की माणसं एकत्र येऊन जे पूजतात, त्यात त्यांचा स्वतःचा समाजच त्यांना भेटत असतो. निवाऱ्यातल्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीभोवती मी नेमकं हेच पाहिलं होतं. २०१६ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ७४,५३४ परिचारिका, १९९६ ते २०१२ अशी १६ वर्षं. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळलं. याचा अर्थ देवाने आयुष्य वाढवलं असा कुणी घेऊ नये. नैराश्य कमी, सिगारेट कमी, माणसांचा आधार जास्त, अशी कारणं संशोधकांनीच पुढे ठेवलीत. शिवाय त्या बहुतेक ख्रिश्चन बायका. आपल्याकडच्या गुरुवारच्या भजनाला ते जसंच्या तसं लावता येणार नाही. त्याआधी २०१० मध्ये चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या दोघांनी दाखवलं होतं की धार्मिक माणसं जास्त समाधानी असतात ती प्रार्थनास्थळात जुळलेल्या मैत्रीमुळे. नुसतं जायचं आणि कुणाशी मैत्री नाही, तर फारसा फरक पडत नाही.

हे वाचलं आणि मला आमचा 'बुधवार' आठवला. आम्ही काही जणींनी मिळून बायकांसाठी एक सल्ला केंद्र काढलं होतं. बोर्ड, टेबल, तीन खुर्च्या, बुधवारी दुपारी तीन ते पाच. पहिल्या चार महिन्यांत तीन बायका आल्या. त्यातली एक रेशन कार्डाची चौकशी करायला. पायरी चढताना कुणी पाहिलं तर? घरी काय सांगून निघायचं? 'सल्ला घ्यायला जाते' असं सासूला सांगता येतं का? पण 'भजनाला जाते' हे सांगता येतं. त्याला कुणी नाही म्हणत नाही. आपल्या छोट्या गावांत कितीतरी सुनांना आठवड्यातून दोन तास स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडायचा तेवढा एकच परवाना असतो.

आमच्याच गल्लीत एक नवीन सून दोन गुरुवार आली आणि मग दिसेना. तिसऱ्या गुरुवारी मंडळातल्या पाच जणी प्रसाद घेऊन तिच्या घरी गेल्या. प्रसाद द्यायला आलेल्या बायकांना दारातून परत कोण पाठवणार? आत गेल्या, बसल्या, आणि पोरीचा सुजलेला हात त्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याच मला बोलवायला आल्या. पुढे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाईपर्यंत त्यातल्या दोघी माझ्याबरोबर होत्या. माझं टेबल आणि बोर्ड तिथपर्यंत कधीच पोचलं नसतं. आता हेही सांगते, की त्याच बायकांनी महिनाभर आधी त्या पोरीला नवऱ्याचा राग जावा म्हणून सोळा सोमवार सांगितले होते!

वारीचंही तसंच. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा मुक्काम करत जाते. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. सामाजिक कार्यकर्ती म्हणून आरोग्य शिबिराला मी लोणंदला दोनदा गेले आहे. पाय चोळून घेताना बायका बोलतात. एक मावशी म्हणाल्या, "वर्षातनं एवढे दिवस मला कुणी 'जेवायला वाढ' म्हणत नाही बघ." देवाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या होत्या आणि त्यावरचा त्यांचा 'वाटचाल' हा लेख 'परिपूर्ती' या पुस्तकात आहे. मिळाला तर जरूर वाचा. त्या प्रेमाने चालल्या, पण दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात हे त्यांना सलत राहिलं आणि तेही त्यांनी लिहिलं. मला अशी दोन्ही डोळे उघडे ठेवणारी माणसं आवडतात.

कारण एक डोळा मिटला तर काय होतं, हे आपण वाई तालुक्यात पाहिलंय. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा, मांढरदेवीची यात्रा. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, चेंगराचेंगरी, मग दुकानांना आग. जवळपास तीनशे माणसं गेली, त्यात बायका आणि मुलं किती! तेव्हा मी लग्न होऊन सांगलीला आलेली होते. त्या रात्री वडिलांचा फोन आला आणि बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. पुढे न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला.

त्याच डोंगरावर झाडांना काळ्या बाहुल्या, लिंबं, फोटो आणि चिठ्ठ्या खिळ्यांनी ठोकलेल्या असायच्या. बंदी आली तरी लोक गुपचूप ठोकतातच. नवऱ्याने ठेवलेल्या बाईचं वाटोळं होऊ दे, सासू मरू दे, जमिनीचा दावा बुडू दे, अशी मागणी. पूर्वी मला याची किळस यायची. आता वाटतं, हे सगळे तक्रारअर्ज आहेत. तलाठ्याने, पोलिसाने, भावाने, कुणीच न घेतलेले. ते वाचायला तिथं कुणी नाही, आणि खिळा ठोकून आलेली बाई पुढची तीन वर्षं गुण येण्याची वाट बघत गप्प बसते. माझ्या मते धर्माचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. अंगात येणं, जट ठेवणं हेही त्यातलंच. केसांचा गुंता झाला की देवीचं बोलावणं आलं म्हणून मानेला रग लागेपर्यंत बाई ते ओझं वागवते. अनिसच्या कार्यकर्त्यांनी अशा कितीतरी बायकांची जट समजूत घालून सोडवली.

दाभोलकरांचं म्हणणं, निदान मला समजलं ते, असं होतं की देवाधर्माला आमचा विरोध नाही. त्या नावाखाली होणाऱ्या शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा वटहुकूम चारच दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. माणूस गेल्यावर! ज्यांना धर्माचे फायदे सांगायचे आहेत त्यांनी हे वाक्य गाळून पुढे जाऊ नये, असं मला वाटतं. मीही गाळणार नाही. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत एका कमानीवरून दंगल पेटली, तेही गाळणार नाही. ज्या मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ हिंदू-मुसलमान गवई रात्र-रात्र गातात, त्याच मिरजेत. आणि त्याच जिल्ह्यात वाळवा तालुक्यात गोटखिंडीला १९८० पासून गणपती मशिदीत बसतो, कडेगावच्या मोहरमात ताबुतांच्या भेटीला हिंदूंचे खांदे लागतात. तीच सामग्री, हात वेगळे.

एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला, जमावबंदी असताना, बावधनचं बगाड निघालं. त्याच महिन्यात माझे वडील गेले. त्याचा-याचा संबंध मी जोडत नाही, तसा पुरावा नाही. पण राग आला होता, तो अजून पूर्ण गेलेला नाही.

मग प्रश्न उरतो: देव वगळून हे फायदे मिळवता येतील का? वडिलांचं उत्तर 'का नाही?' असं असायचं. आणि उदाहरणं आहेतही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला, मोठी माणसं गप्पांना. अगदी सांजवातीची वेळ! पण गंमत बघा, भोंगा बसवलाय देवळावर. गावाचं लक्ष वेधायचं तर उंच जागा अजून तीच.

जोतीरावांना हे कळलं होतं. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी भटाविना लग्न लावा एवढंच सांगून हात झटकले नाहीत. नवा विवाहविधी दिला, मंगलाष्टकं स्वतः रचली. २५ डिसेंबर १८७३ ला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. प्रतिसरकारच्या काळात आपल्या याच दोन जिल्ह्यांत गांधी विवाह लागले, कमी खर्चाचे. जुना विधी काढायचा तर तिथं दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. आम्ही विचारी म्हणवणारी माणसं इथं कमी पडतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या सभांना सतरंजी असते, माईक असतो, दीड तासाचं व्याख्यान असतं. टाळ नसतात. गाणं नसतं. आणि सभेनंतर आजारी माणसाच्या घरी डबा कोण नेणार, हे ठरलेलं नसतं.

तर मी देवघर घेतलं. रोजची षोडशोपचार पूजा मी करत नाही, आणि करते असं सांगतही नाही. सकाळी पुसून घेते, संध्याकाळी समई लावते. एवढ्याने थोरल्या जाऊबाईंचं समाधान नाही, वडिलांचंही झालं नसतं. गुरुवारचं भजन मात्र आमच्याकडेच ठेवलं. आई साताऱ्याहून आली की ती त्यात बसते. टाळ चुकीच्या ठेक्यावर वाजवते, पण बसते.

भजन आमच्या घरी आलं आणि वादही घरात आला. आमच्या मंडळात पेटी वाजवणाऱ्या काकू आहेत. एकतिसाव्या वर्षी विधवा झालेल्या. काळी चारवर त्यांनी सूर धरला की बाकीच्या जणी रेघेत येतात. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी पेटी वाजवायची आणि कुंकवाच्या वेळी उठून स्वयंपाकघरात जायचं, अशी वर्षानुवर्षांची पद्धत. कुणी जा म्हणत नाही, त्या स्वतःच उठतात. पहिल्या वर्षी मी हे पाहिलं आणि मला ते सहन झालं नाही. आपल्या शेजारच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारने सगळ्या गावांना तसं करायला सांगितलं. मी त्या ठरावाची बातमी मंडळात वाचून दाखवली. एक जण म्हणाली, "तुमचा देवावर विश्वास नाही, तुम्ही आमच्या रीती कशाला बदलता?" प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, "देवाचं मला ठाऊक नाही. काकू मला ठाऊक आहेत."

गेल्या संक्रांतीला मी पहिलं कुंकू त्यांना लावायला गेले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "हळद लाव. कुंकवाचं पुढच्या वर्षी बघू." मी हळद लावली, वाण दिलं. दोघी जणी उठून गेल्या. त्यातली एक नंतरच्या गुरुवारी परत आली, दुसरी अजून आलेली नाही. तिच्या घरी मी प्रसाद घेऊन दोनदा जाऊन आले.

सध्या प्रश्न वेगळाच आहे. पेटीचा भाता फाटलाय, वारा धरत नाही. मिरजेला दुरुस्तीला टाकायचीय. प्रत्येकी शंभर रुपये काढायचे की वाणाचे उरलेले पैसे वापरायचे, यावर परवाच्या गुरुवारी भजनापेक्षा जास्त वेळ गेला. काकू म्हणतात, पेटी त्यांच्या वडिलांची आहे, भाता त्याच बदलून घेतील. आम्ही तेरा जणी नाही म्हणतोय.